अन्नावर प्रकाशाचा पहारा

झाशीहून भोपाळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, झाशीच्या दक्षिणेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, बबीना नावाचे स्थानक लागते. मराठी श्रोत्यांना झाशीची ओळख करून देण्याचे कारण नाही. नेवाळकरांच्या घराण्याने ते नाव आपल्या मनावर कायमचे कोरून ठेवले आहे. बबीनाचे नाव मात्र आपल्याकडे येते ते बहुधा एखाद्या पत्राच्या पत्त्यावरून. ही लष्कराची छावणी आहे. तिच्या भोवतालचा बुंदेलखंडातील रुक्ष, खडकाळ मुलूख रणगाड्यांच्या व तोफांच्या सरावासाठी राखलेला आहे; आणि महाराष्ट्रातील कित्येक घरांतील मुलगा, भाऊ किंवा जावई केव्हा ना केव्हा तेथे राहून आलेला असतो.

आज मला बोलावयाचे आहे ते रणगाड्यांत बसणाऱ्या माणसांच्या जेवणाविषयी. टी-७२ किंवा टी-९० जातीच्या रणगाड्यात तीन माणसे असतात: एक नायक, एक तोफ डागणारा आणि एक चालक. चौथा माणूस नसतो, कारण तोफेत गोळा भरण्याचे काम यंत्रच करते. या तिघांपैकी एकाला उलट्या व जुलाब सुरू झाले की चाळीस टनांहून अधिक वजनाचे ते पोलाद जागच्या जागी खिळून राहते. आणि लंगरात, म्हणजे जवानांच्या सामुदायिक स्वयंपाकघरात, एका पातेल्यातील डाळ अनेकांच्या ताटांत जाते. तेव्हा दोष एकाच पातेल्यात असला तरी आजार एकट्यादुकट्याचा राहात नाही. लग्नाची पंगत, शाळेतील पोषण आहार, यात्रेतील अन्नछत्र, यांचीही गोष्ट हीच. छावणी हे त्याचे ठळक उदाहरण, इतकेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी माणसे आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार प्राणांस मुकतात. या मृतांत सव्वा लाख मुले पाच वर्षांच्या आतील असतात.

हे कसे घडते ते समजावून घेऊ. मे महिन्यात झाशीच्या परिसरात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. रात्र झाली तरी भिंती तापलेल्याच असतात. ऊब, ओल आणि अन्न ही तिन्ही मिळाली म्हणजे काही जंतू वीस-वीस मिनिटांनी दुप्पट होतात. रात्री दहा वाजता पातेल्यात एकच जंतू पडला असे मानले, तर सकाळी सहापर्यंत तो चोवीस वेळा दुप्पट होऊन त्याची प्रजा १ कोटी ६७ लाखांच्या वर जाईल. प्रत्यक्षात वाढ इतकी निर्वेधपणे होत नाही, हे खरे. परंतु हा हिशेब कोणत्या दिशेने धावतो ते यावरून ध्यानात यावे.

या जंतूंपैकी एकाची ओळख करून देतो. त्याचे नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो राहतो माणसाच्या नाकात, त्वचेवर आणि पिकलेल्या जखमेत. धडधाकट माणसांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांच्या नाकात तो मुक्काम करून असतो आणि त्यांना त्याचा काहीही उपद्रव होत नाही. स्वयंपाक्याच्या बोटावरून तो खव्यात, पेढ्यात, खिरीत किंवा रात्रीच्या उरलेल्या रश्शात उतरतो. तेथे त्याची संख्या वाढली की तो एक विष तयार करतो. जंतू उकळण्याने मरतो. त्याचे विष मात्र साध्या उकळण्याला दाद देत नाही. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी विष माणसाला आडवे करावयास पुरते. ज्या अन्नात ते असते त्याला वास येत नाही, त्याचा रंग पालटत नाही आणि चवही बदलत नाही. ‘पुन्हा एकदा चांगली उकळी आणली, आता काळजी नाही,’ ही आपल्या घराघरांतील समजूत येथे उपयोगी पडत नाही.

मग आपण अन्न तपासतो कसे? जर्मनीतील रॉबर्ट कॉख यांनी १८८१ साली घट्ट पोषक थरावर जंतूंची लागवड करण्याची रीत जगापुढे मांडली. त्यांच्या सहकाऱ्याच्या पत्नी फॅनी हेसे यांनी त्या थरासाठी समुद्रशेवाळापासून निघणारे अगर सुचविले, तेही मुरंबे थिजविण्याच्या आपल्या घरगुती अनुभवावरून. १८८७ साली पेट्री यांनी त्यासाठी झाकणाची उथळ काचेची बशी योजिली. जगातील अन्नपरीक्षणशाळा मूलतः आजही याच वाटेने जातात. साल्मोनेला या जंतूचा शोध घ्यावयाचा असेल, तर २५ ग्रॅम अन्न २२५ मिलिलिटर पोषक द्रवात मिसळून सुमारे अठरा तास उबेत ठेवतात. त्यातील थोडा भाग दुसऱ्या, इतर जंतूंना मारक अशा द्रवात आणखी एक दिवस ठेवतात. मग तो बशीतील थरावर पसरतात आणि पुन्हा एक दिवस वाट पाहतात. जे ठिपके उगवतील त्यांची खातरजमा करावयास आणखी एक-दोन दिवस लागतात. एकूण चार-पाच दिवस झाले. आपल्याकडील अन्नसुरक्षेचा कायदा २००६ सालचा आहे, आणि त्याखालील नियमांप्रमाणे अनेक पदार्थांच्या २५ ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला मुळीच आढळता कामा नये. हा दंडक पाळला जातो की नाही हे पाहण्याचे विश्वासाचे साधन हीच पद्धती होय.

या पद्धतीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. तिने खरे सांगितले आहे आणि असंख्य प्राण वाचविले आहेत. तिची उणीव एकच, आणि ती मोठी आहे. बबीनाच्या मैदानावर दुपारी बाराला जे जेवण वाढावयाचे, त्याचा निकाल ती चौथ्या दिवशी देते. बंद डब्यातील दूध-पावडर किंवा गोदामातील बिस्किटे चार दिवस थांबू शकतात. शिजलेला भात थांबत नाही. पातेले रिकामे झाल्यावर आलेला निकाल हा पंचनामा होय. त्याला पहारा म्हणता येत नाही. अन्नपरीक्षणाच्या कोणत्याही नव्या साधनाला म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारावयाचा की, याचे उत्तर जेवणाच्या घंटेपूर्वी मिळेल काय?

जंतूला वाढू द्यावे आणि मग पाहावे, याऐवजी तो असेल तेथेच प्रकाशाच्या साहाय्याने त्याला ओळखावे, हा विचार याच प्रश्नातून पुढे आला. त्यासाठी शास्त्रज्ञांनी हाती धरले आहेत ते अतिशय सूक्ष्म कण. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू सुमारे दोन हजार नॅनोमीटर लांब असतो. त्याला ओळखण्यासाठी वापरावयाचा सोन्याचा कण असतो अवघा वीस नॅनोमीटरांचा, म्हणजे त्याच्या लांबीच्या शंभराव्या हिश्शाचा.

इतक्या बारीक झालेल्या सोन्याचा स्वभावच पालटतो. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १८५७ साली दिलेल्या व्याख्यानात मायकेल फॅरडे यांनी सोने आणि प्रकाश यांच्या संबंधाविषयीचे आपले प्रयोग वर्णन केले. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असले की ते पाणी माणकासारखे लाल दिसते, हे त्यांनी दाखविले. पिवळे सोने लाल का व्हावे? सोन्यातील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीबरोबर झुलू लागतात. कण लहान असला म्हणजे हे झुलणे एका ठरावीक रंगाच्या प्रकाशाशी जुळते आणि तेवढाच रंग शोषला जातो. हेच कण एकमेकांजवळ गोळा झाले की जुळणी बिघडते आणि लाल पाणी जांभळे-निळे होते. आता हे कण एखाद्या जंतूवरच जाऊन चिकटतील अशी व्यवस्था केली, तर जंतूची वार्ता रंगाने कळेल. ही केवळ कल्पना नाही. गर्भधारणेची तपासणी घरच्या घरी करण्याच्या पट्टीवर जी तांबडी रेघ उमटते, ती बहुधा सोन्याच्या अशाच कणांची असते. २०२० नंतरच्या करोनाच्या साथीत हजारो घरांनी अशा पट्ट्या हाताळल्या आहेत.

याहून नाजूक अशी दुसरी एक रीत आहे. काचेवर सोन्याचा सुमारे पन्नास नॅनोमीटर जाडीचा मुलामा देतात आणि काचेच्या बाजूने त्यावर प्रकाश टाकतात. एका विशिष्ट कोनात तो प्रकाश जवळजवळ परततच नाही. त्याची शक्ती सोन्यातील इलेक्ट्रॉनांना झुलविण्यात खर्ची पडते. ऑटो व क्रेच्मन यांनी १९६८ साली यासाठी काचेच्या लोलकाचा उपयोग दाखवून दिला. सोन्याच्या दुसऱ्या बाजूला एखादा पदार्थ किंचित जरी चिकटला, तरी हा कोन सरकतो. स्वीडनमधील संशोधकांनी १९८३ साली या सरकणाऱ्या कोनाचा उपयोग जैव पदार्थ ओळखण्यासाठी केला. सोनाराच्या काट्याने गुंज तोलावी, तसा हा प्रकाशाचा काटा न दिसणारे ओझे तोलतो.

येथे आपण पुन्हा बबीनाच्या जवळ येतो. झाशीपासून शंभर किलोमीटरवर ग्वाल्हेर आहे. तेथे शिंदे घराण्यातील जिवाजीरावांच्या नावाने उभी राहिलेली औद्योगिक संशोधनशाळा १९६६ साली संरक्षण खात्याच्या संशोधन संघटनेकडे आली, आणि १९७३ पासून ती संरक्षण संशोधन व विकास आस्थापना या नावाने ओळखली जाते. शत्रूने विषारी वायू किंवा रोगजंतू वापरले तर ते ओळखावे कसे आणि त्यांपासून बचाव कसा करावा, हे या संस्थेचे काम. तेथील संशोधकांनी २०१० च्या सुमारास सोन्याच्या मुलाम्यावर प्रतिपिंडे बसवून, नुकत्याच सांगितलेल्या प्रकाशाच्या काट्याने, स्टॅफिलोकॉकसचे एक विष ओळखल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे २०१३ साली अँथ्रॅक्सच्या जंतूचा मातीच्या नमुन्यांतून याच मार्गाने शोध घेण्याविषयीचे त्यांचे कामही प्रसिद्ध झाले. हे संशोधन युद्धाच्या भयातून जन्मले. परंतु ज्या विषाची शत्रूच्या हातात धास्ती वाटते, तेच विष उन्हाळ्यातील खव्यात कोणत्याही शत्रूवाचून तयार होते. शस्त्र म्हणून त्याचा विचार करणाऱ्या प्रयोगशाळेची वाट म्हणूनच स्वयंपाकघरापाशी येऊन मिळते.

तिसरी रीत मला विशेष आशादायक वाटते. टिटॅनियम ऑक्साइड किंवा कॅडमियम सल्फाइड यांसारख्या अर्धवाहक पदार्थांच्या सूक्ष्म कणांवर प्रकाश पडला की त्यांतील इलेक्ट्रॉन सुटतात व विजेचा अगदी बारीक प्रवाह वाहू लागतो. छपरावरच्या सौरपत्र्याचे तत्त्वही याच जातीचे. या कणांच्या थरावर जंतूला धरून ठेवणारे रेणू बसवावयाचे. नमुन्यात जंतू असला की तो तेथे अडकतो, पृष्ठभाग झाकतो आणि प्रवाह कमी होतो. प्रवाह किती उतरला यावरून जंतूंचा अंदाज करता येतो. या रीतीची खुबी अशी की, आत सोडतो तो प्रकाश आणि बाहेर मोजतो ती वीज. देणे आणि घेणे यांची जात निराळी असल्यामुळे एकाचा गोंधळ दुसऱ्यात मिसळत नाही, आणि फार सूक्ष्म फरकही वाचता येतो. शिवाय लागणारी सामग्री थोडी: एक लहानसा दिवा, एक पट्टी आणि प्रवाह मोजणारे एक यंत्र. महागडी दुर्बीण नको की वातानुकूलित दालन नको.

परंतु प्रकाश स्वतः आंधळा आहे. कोण चिकटले हे त्याला कळत नाही. काहीतरी चिकटले एवढेच कळते. म्हणून ओळख पटविणारा दुसरा कोणी लागतो. प्रतिपिंडे हे काम करतात. १९९० पासून प्रयोगशाळेत घडविलेले न्यूक्लिक आम्लाचे छोटे धागेही ते करू लागले आहेत. आणि तिसरा ओळखणारा आहे जंतूंना खाणारा विषाणू. या विषाणूची कथा आपल्या याच प्रदेशाला स्पर्शून जाते. ग्वाल्हेरच्या पुढे, आग्र्यात काम करणारे अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ साली लिहून ठेवले की, गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. त्यामागे असे विषाणू असावेत, असा तर्क पुढे अनेकांनी केला. त्यांचा प्रत्यक्ष शोध ट्वॉर्ट यांनी १९१५ साली आणि डेरेल यांनी १९१७ साली लावला. हा विषाणू आपला जंतू अचूक निवडतो आणि केवळ जिवंत जंतूतच वाढतो. मेलेला जंतू आणि जिवंत जंतू यांतील फरक सांगणारा असा साक्षीदार दुर्मीळ.

आतापर्यंतचे वर्णन ऐकून कोणासही वाटेल की, मग अडले कोठे? बहुतेक संवेदक अजून प्रयोगशाळेच्या उंबऱ्याआतच का आहेत? याची उत्तरे पातेल्यातच आहेत.

पहिले उत्तर हिशेबाचे. पंचवीस ग्रॅम अन्नात एकच साल्मोनेला असला तरी ते अन्न नियमात बसत नाही. हे अन्न द्रवात मिसळले की अडीचशे मिलिलिटर होते. संवेदकावर आपण टाकतो तो थेंब मिलिलिटरच्या दहाव्या भागाएवढा धरा. तो एकटा जंतू नेमका त्याच थेंबात सापडण्याची शक्यता अडीच हजारांत एक! संवेदक कितीही तीक्ष्ण असो, जो थेंबात आलाच नाही त्याला तो कसा पाहणार? म्हणून आधी साऱ्या नमुन्यातून जंतू गोळा करावे लागतात. त्यासाठी चुंबकीय कण वापरतात, किंवा काही तास तरी जंतूंना वाढू द्यावे लागते. ‘पाच मिनिटांत निकाल’ अशी जाहिरात वाचनात आली, तर ती पाच मिनिटे या तयारीनंतरची आहेत काय, हे विचारून घ्यावे.

दुसरे उत्तर आपल्या स्वयंपाकाचे. प्रयोगशाळेतील चाचणी बहुधा स्वच्छ द्रवात होते. लंगरातील डाळीत तेल, हळद आणि मसाला असतो. दुधातील स्निग्ध कण प्रकाश विखुरतात. हळदीतील पिवळे द्रव्य तर निळ्या प्रकाशात स्वतःच चमकू लागते. जो संवेदक परदेशातील कोबीच्या पानावर खरा ठरला, तो आपल्या वरणात खरा ठरेलच असे नाही. त्याची परीक्षा आपल्याच पदार्थांवर व आपल्याच उन्हाळ्यात घ्यावयास हवी, आणि ती आपल्यालाच घ्यावी लागेल.

तिसरे उत्तर अधिक गंभीर आहे. जंतू मेलेला असतानाही संवेदकाने ओरड केली, तर चांगले अन्न फेकले जाईल. याच्या उलट, जंतू मेले पण विष उरले अशा खव्याला जंतू शोधणारा संवेदक निर्दोष ठरवील. म्हणून एकाच यंत्राने सर्व काही कळेल ही अपेक्षा चूक आहे. कोठे जंतू शोधावयाचा आणि कोठे त्याचे विष, हे अन्न पाहूनच ठरवावे लागते. या दृष्टीने ग्वाल्हेरच्या संशोधकांनी थेट विषावर रोख धरला, याचे महत्त्व लक्षात यावे.

आणि शेवटचा प्रश्न यंत्राचा नाहीच. समजा, हे सर्व साधले. पहाटे पाच वाजता बबीनातील एखाद्या लंगराच्या ओट्यावर एक पट्टी ठेवली आहे, दिवा लागला आहे आणि काटा धोका दाखवीत आहे. आता ते पातेले ओतून टाकण्याचा अधिकार कोणाला? ट्रक निघण्याच्या तयारीत आहेत, शंभर माणसे दुपारी भुकेली होणार आहेत, आणि दुसरे अन्न शिजवावयास दोन तास हवेत. स्वयंपाकी जर काट्याकडे पाहून गप्प राहिला, तर प्रकाशाने केलेला पहारा वाया गेला. गुन्हा पाहूनही ज्याला शिट्टी वाजविण्याची मुभा नाही, तो पहारेकरी काय कामाचा? शाळेतील पोषण आहार शिजविणाऱ्या ताईंचा प्रश्न हाच आहे, आणि लग्नघरातील आचाऱ्याचाही. नवे साधन त्यांच्या हाती द्यावयाचे, तर त्याबरोबर ‘हे अन्न वाढू नका’ असे म्हणण्याचे बळही त्यांच्या हाती दिले पाहिजे.

तोपर्यंत काय करावे? जुने नियम जुने झालेले नाहीत. शिजलेले अन्न साठ अंशांच्या वर गरम ठेवावे, नाहीतर पाच अंशांच्या खाली थंड ठेवावे. या दोहोंच्या मधला प्रदेश जंतूंचा. कडक उन्हाळ्यात शिजवणे आणि वाढणे यांतील अंतर जितके कमी करता येईल तितके करावे. हात साबणाने धुवावेत, आणि ज्याच्या बोटाला जखम पिकली आहे त्याला त्या दिवशी कणीक मळावयास लावू नये. यासाठी सोन्याचा कण लागत नाही, की लोलक लागत नाही. प्रकाशाचा संवेदक हे नियम मोडावयास परवानगी देणार नाही. ते कोठे मोडले गेले, हे तो वेळेवर सांगेल, एवढीच त्याची सेवा. पण ‘वेळेवर’ या एका शब्दात पुष्कळ काही सामावलेले आहे. चार दिवसांनी कळलेले सत्य नोंदवहीत जाते. चार तासांच्या आत कळलेले सत्य माणसाच्या ताटातून विष बाजूला काढते. फॅरडे यांच्या माणिकरंगी पाण्यापासून ग्वाल्हेरच्या सुवर्णपत्र्यापर्यंत दीडशे वर्षांची वाट विज्ञानाने चालून संपविली आहे. आता प्रयोगशाळेच्या मेजापासून लंगराच्या चुलीपर्यंतचे थोडेसे अंतर उरले आहे. ते दिसते त्याहून अवघड आहे. परंतु चुलीपाशी वाट पाहणाऱ्या माणसांकडे पाहिले, म्हणजे ते चालून जाण्यावाचून गत्यंतर नाही, हे पटते.